एकदा पाहून न संपणारे बेट

तुमच्या शाळेच्या आवारात गुलमोहराचे झाड असेल. घराच्या अंगणात किंवा कुंडीत सदाफुली असेल. आणि पानाच्या कडेवरील खाचांतून नवी रोपे कशी फुटतात हे दाखवण्यासाठी जीवशास्त्राच्या तासाला बाईंनी पानफुटीचे एखादे पान तुमच्या हाती दिले असेल. या तिन्ही वनस्पती आपल्या इतक्या ओळखीच्या आहेत, की त्या परदेशी आहेत असे कोणी सांगितले तर चटकन पटायचे नाही. परंतु तिघींचेही मूळ गाव एकच. ते म्हणजे हिंदी महासागरातील, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर असलेले मादागास्कर हे बेट.

निसर्गशास्त्रज्ञ गेली दोनशेहून अधिक वर्षे या बेटावर जात आहेत. मौजेची गोष्ट अशी, की तेथे एकदा गेलेल्यांपैकी बरेचजण पुन्हा जातात, आणि मग जातच राहतात. काहींनी तर उभे आयुष्य एकाच रानाच्या फेऱ्या करण्यात घालवले. तुम्ही विचाराल, एकदा नीट सगळे पाहून, टिपून, छायाचित्रे घेऊन काम का भागत नाही? एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्यात काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मादागास्करइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

सह्याद्रीची उलटी प्रतिमा

प्रथम नकाशा उघडा. मादागास्कर हे जगातील चौथ्या क्रमांकाचे बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १,६०० किलोमीटर. मकरवृत्त त्याच्या दक्षिण भागातून जाते. त्यामुळे बेटाचा बहुतेक भाग उष्ण कटिबंधात येतो.

बेटाची ठेवण महाराष्ट्रातील मुलांना समजायला फार सोपी आहे. कोकणातून घाटाकडे पाहिले की सह्याद्री भिंतीसारखा उभा दिसतो, आणि घाट चढून वर आले की पठार पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. मादागास्करमध्ये हेच चित्र उलटे आहे. तेथे भिंतीसारखा कडा पूर्वेला आहे व उतार पश्चिमेकडे. हिंदी महासागरावरून येणारे आग्नेय व्यापारी वारे बाष्प घेऊन येतात आणि पूर्वेच्या कड्यावर आदळून पाऊस पाडतात. म्हणून पूर्व किनाऱ्यालगत बारमाही ओली, घनदाट जंगले आहेत. पश्चिमेकडे पर्जन्यछाया आहे. तेथील अरण्ये वर्षातील सहा-सात महिने कोरडी आणि निष्पर्ण असतात. नैऋत्येकडे तर वर्षाला ४०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि काटेरी झुडपांचे रान लागते.

हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. भारताचा पश्चिम किनारा आणि मादागास्करचा पूर्व किनारा एकेकाळी एकमेकांना चिकटलेले होते. भारत आणि मादागास्कर हा एकत्रित तुकडा सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेपासून सुटू लागला. पुढे सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर यांचीही फारकत झाली. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मादागास्कर मागे राहिले. त्या फारकतीच्या वेळी उसळलेल्या लाव्हारसाचे खडक मादागास्करमध्ये आहेत आणि कर्नाटकात मलपेजवळच्या सेंट मेरी बेटांवरही आहेत. त्यांचे वय जवळपास सारखे भरते. सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र त्यानंतरचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

एवढा दीर्घ एकांत मिळाल्यामुळे मादागास्करवरील जीवसृष्टी वेगळ्याच वाटेने गेली. तेथे मूळची माकडे नाहीत, वाघ-सिंह नाहीत, हत्तीही नाहीत. माकडांच्या जागी लेमूर आहेत. लेमूर हे नरवानर गणातलेच, म्हणजे आपले दूरचे नातलग. त्यांचे पूर्वज पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी, बहुधा पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून, आफ्रिकेतून येथे पोचले असावेत असे मानतात. त्या थोड्या पाहुण्यांपासून आज शंभरावर जाती झाल्या आहेत. बेटावरील ऐंशी टक्क्यांहून अधिक वनस्पती जगात इतरत्र कोठेही आपोआप उगवत नाहीत. आपल्याकडे काही ठिकाणी दिसणारी अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची. पण गोरखचिंचेच्या कुळातील आठ जातींपैकी सहा फक्त मादागास्करमध्ये आहेत.

ऋतू चुकला की प्राणी चुकला

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. समजा, तुम्ही मादागास्करच्या पश्चिमेकडील कोरड्या अरण्यात जुलै महिन्यात गेलात. तेथे तेव्हा हिवाळा आणि कोरडा हंगाम असतो. तुम्ही महिनाभर रोज रान पालथे घातले आणि दिसलेल्या प्राण्यांची यादी केली. ती यादी बरोबर असेल काय?

लाबोर्डचा सरडगुहिरा या रंग पालटणाऱ्या सरड्याचे उदाहरण घ्या. याची पिले नोव्हेंबरच्या सुमारास पहिल्या पावसाबरोबर अंड्यांतून बाहेर पडतात, झपाट्याने वाढतात, दोन महिन्यांत वयात येतात. माद्या जमिनीत अंडी घालतात आणि पावसाळा संपता संपता सगळी मोठी जनावरे मरून जातात. अंड्याबाहेरचे आयुष्य अवघे चार-पाच महिने. उरलेले आठ-नऊ महिने अंड्यात. म्हणजे जुलैमध्ये या जातीचा एकही सरडा जिवंत नसतो! सारी जात मातीखाली अंड्यांच्या रूपात असते. पावसाळ्यात उगवून दिवाळीपर्यंत वाळून जाणाऱ्या आपल्या तेरड्यासारखेच हे जीवन. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असे उदाहरण अतिशय दुर्मीळ आहे. २००८ साली ही माहिती प्रसिद्ध झाली, ती एकाच ठिकाणी अनेक हंगाम मोजदाद केल्यावर.

त्याच अरण्यातील जाड शेपटीचा बुटका लेमूर पावसाळ्यात फळे खाऊन शेपटीत चरबी साठवतो आणि कोरडा हंगाम आला की झाडाच्या ढोलीत शिरून सात महिने झोपतो. दीर्घ निद्रा ही थंड प्रदेशातील प्राण्यांची सवय, अशी आपली समजूत असते. येथे तर दुपारी हवेचे तापमान ३० अंश सेल्सियसच्या वर जाते! २००४ साली जर्मन शास्त्रज्ञांनी या लेमूरच्या गळ्यात तापमान नोंदवणारी लहान यंत्रे बसवून मिळवलेली माहिती प्रसिद्ध केली. ढोल पातळ भिंतीची असेल, तर झोपलेल्या लेमूरचे शरीर ढोलीबरोबरच तापते आणि निवते. एका दिवसात हा फरक २० अंशांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या शरीराचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढले की आपण अंथरूण धरतो, हे लक्षात घ्या. ही झोप थंडी टाळण्यासाठी नसून अन्न आणि पाणी यांच्या टंचाईतून निभावण्यासाठी आहे. पावसाळ्यात आलेल्याला हा प्राणी दिसेल, पण त्याची झोप कळणार नाही. कोरड्या हंगामात आलेल्याला तो दिसणारच नाही. दोन्ही ऋतूंत जाणाऱ्यालाच पूर्ण गोष्ट कळेल.

एका फुलाची १३० वर्षे

काही कोड्यांना एक वर्ष पुरत नाही, एक आयुष्यही पुरत नाही. पूर्वेकडील जंगलात एक पांढरेशुभ्र, ताऱ्याच्या आकाराचे ऑर्किड फुलते. त्याच्या मागील बाजूस हिरवट नळी लोंबत असते आणि मध असतो तो नळीच्या अगदी तळाशी. या नळीची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दप्तरातल्या एक फुटी पट्टीएवढी.

१८६२ च्या जानेवारीत ही फुले इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विनच्या हाती आली. डार्विन मादागास्करला कधीच गेला नव्हता. पण एक बारीक दांडी फुलात खोलवर सारून त्याने प्रयोग केला. दांडी अगदी आतपर्यंत दाबली तरच ती बाहेर काढताना परागांचे पुंजके तिला चिकटून येत. यावरून त्याने त्याच वर्षी अनुमान मांडले: या फुलाचे परागण करणारा, दहा-अकरा इंच लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असला पाहिजे. अनेकांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. आल्फ्रेड रसेल वॉलेसला मात्र ती पटली. त्याने १८६७ साली लिहिले, की गणिताने वर्तवलेला नेपच्यून ग्रह ज्या विश्वासाने खगोलशास्त्रज्ञांनी शोधला, त्याच विश्वासाने मादागास्करला जाणाऱ्यांनी हा पतंग शोधावा.

इतकी लांब नळी आणि इतकी लांब सोंड कशासाठी? विचार करा. सोंड नळीपेक्षा लांब असेल, तर पतंग दुरूनच मध पिऊन जाईल आणि फुलाला परागांचा लाभ होणार नाही. म्हणून ज्या फुलांची नळी थोडी अधिक लांब, त्यांचे परागण अधिक होणार व त्यांचे बी अधिक धरणार. पण नळी लांबली की आखूड सोंडेच्या पतंगाला मध कमी मिळणार. म्हणून लांब सोंडेचे पतंग अधिक टिकणार. हजारो पिढ्या ही चढाओढ चालली आणि दोन्ही वाढत गेली.

तसा पतंग सापडला, आणि १९०३ साली रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या शास्त्रीय नावात ‘प्रेडिक्टा’, म्हणजे ‘ज्याचे भाकीत केले होते तो’, असा शब्द घातला गेला. तेव्हा डार्विनला जाऊन एकवीस वर्षे झाली होती. तरी एक दुवा राहिलाच होता. पतंगाची सोंड लांब आहे हे खरे, पण तो याच फुलावर येतो हे कोणी पाहिले होते? ही भेट अंधारात होते आणि क्षणभरात संपते. जर्मन शास्त्रज्ञ लुट्झ वासरथाल यांना ती टिपता आली १९९२ साली. अनुमानापासून पुराव्यापर्यंत १३० वर्षे लागली. २०२१ साली या पतंगाला आफ्रिकेतील भाईबंदांपासून वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली, आणि त्या वेळी मोजलेल्या एका नराची सोंड २८.५ सेंटिमीटर भरली.

गुलमोहराची कथाही अशीच. बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो १८२० च्या दशकात मादागास्करमध्ये पाहिला. त्याच्या भपकेबाज फुलांमुळे तो भराभर जगभरच्या बागांत पोचला. पण बोयरने पाहिलेली झाडे लावलेली होती. गुलमोहराचे खरे रानातले घर शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात सापडले. आपल्या रस्त्यांवर जो शेकड्यांनी उभा होता, त्याचा मूळ पत्ताच ठाऊक नव्हता!

वर्षानुवर्षे तेच रान

१९६३ साली ॲलिसन जॉली ही तरुण अमेरिकन संशोधक मादागास्करच्या दक्षिणेला मंद्रारे नदीकाठी बेरेंती येथील लहानशा अरण्यात आली. शेपटीवर काळीपांढरी वलये असलेल्या लेमूरांचे कळप तिने न्याहाळले. त्या काळी नरवानर गणात नरांचेच वर्चस्व असते असे सर्वत्र धरून चालत. येथे उलटेच दिसले. मादी आली की नर बाजूला सरत, हातातले फळही सोडून देत. १९६६ साली तिने हे पुस्तकरूपाने मांडले. पण मग प्रश्न उभे राहिले. हे दुष्काळातही असेच चालते का? आईचे स्थान मुलीला मिळते का? एक कळप दुसऱ्याची जागा केव्हा बळकावतो? यांची उत्तरे एका हंगामात मिळणारी नव्हती. जॉली २०१४ मध्ये निधन पावेपर्यंत, पन्नास वर्षे, त्या रानाशी जोडलेली राहिली.

नैऋत्येकडील बेझा महाफाली येथे तर १९८४ पासून सिफाका जातीच्या लेमूरांना एकेक करून ओळखपट्टे बांधले गेले आणि दरवर्षी हजेरी घेतली गेली. मांजराहून किंचित मोठ्या या प्राण्याच्या काही माद्या वीस वर्षांच्या झाल्यावरही पिले देतात आणि क्वचित तिशीही गाठतात, हे त्यातून कळले. ज्याचे आयुष्य तीस वर्षांचे, त्याचा अभ्यास तीन महिन्यांत कसा होणार?

आग्नेयेकडील रानोमाफानाच्या जंगलात १९८६ साली पॅट्रिशिया राइट या संशोधक थोरल्या बांबू लेमूरच्या शोधात गेल्या. तो सापडलाच, शिवाय सोनेरी बांबू लेमूर ही विज्ञानाला नवी असलेली जातही मिळाली. हा सुमारे दीड किलो वजनाचा प्राणी रोज सुमारे अर्धा किलो कोवळा बांबू खातो. त्या बांबूत सायनाइड हे जहाल विष असते. तेवढ्या आकाराच्या इतर प्राण्याला मारण्यास जेवढे पुरेल, त्याच्या सुमारे बारा पट विष तो रोज पचवतो. राइट पुन्हा पुन्हा तेथे गेल्या, आणि १९९१ साली त्या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले.

जुनी जागा, नवी साधने

जागा तीच राहते, पण पाहणाऱ्याची साधने बदलतात. रात्री हिंडणारे मूषक लेमूर सगळे सारखेच दिसतात. १९८० च्या सुमारास त्यांच्या दोनच जाती मानल्या जात, एक पश्चिमेची करडी व एक पूर्वेची तांबूस. पुढे त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, जनुके तपासता येऊ लागली, आणि आज जातींची संख्या वीसच्या आसपास आहे. नेमक्या किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालतो. त्यांतील एक जात तर चिमणीइतक्या वजनाची, सुमारे ३० ग्रॅम. नरवानर गणातील सर्वांत लहान प्राणी तोच. रोदिन रासोलोआरिसोन या मालागासी शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली तिचे वर्णन केले आणि बर्थ राकोतोसामिमानाना या मालागासी विदुषीचे नाव तिला दिले. ‘मालागासी’ म्हणजे मादागास्करचे रहिवासी. बाहेरचे संशोधक पुन्हा पुन्हा येतात. पण या लोकांना रानाकडे जाणे म्हणजे घरी जाणे. रानवाटा दाखवणारे, पावलांवरून प्राणी ओळखणारे बहुतेक त्यांच्यातलेच असतात.

काही वेळा तज्ज्ञ नसलेल्यालाही दुसरी फेरी मोठे काही देऊन जाते. वायव्येकडील एका काजूबागेच्या व्यवस्थापकाला सहकुटुंब फिरताना अनोळखी, प्रचंड ताडवृक्ष दिसला. पुढे पुन्हा तिकडे गेल्यावर त्याला त्याच्या शेंड्यावर फुलोऱ्याचा मनोरा उभा राहिलेला आढळला. छायाचित्रे तज्ज्ञांकडे पोचली आणि २००८ साली ताडाची नवी प्रजाती जाहीर झाली. पाच मीटर व्यासाची पाने असलेला हा वृक्ष कित्येक वर्षे वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो व मरतो. शोध लागला तेव्हा त्याची पूर्ण वाढलेली झाडे शंभराहूनही कमी होती.

परतायला रान उरले पाहिजे

पुन्हा जायचे तर जागा शिल्लक हवी. उपग्रहांची आणि विमानांतून घेतलेली चित्रे ताडून पाहिल्यावर असे दिसले, की १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करचे सुमारे ४४ टक्के नैसर्गिक वन नाहीसे झाले. २०२० साली लेमूरच्या १०७ जातींपैकी १०३ जाती संकटग्रस्त ठरल्या. कारणे अनेक आहेत. डोंगरउतारावर झाडे तोडून, जाळून भात पेरण्याची ‘तावी’ पद्धत तेथे चालते. कोकणात जिला कुमरी म्हणत, तसलीच ही शेती. शिवाय कोळशासाठी लाकूडतोड, मौल्यवान लाकडाची चोरटी निर्यात आणि शिकार आहेच. मात्र शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होऊ नये. ज्याला दुसरी जमीन नाही, खत नाही, त्याला पोट भरण्यासाठी उद्याचे रान आजच जाळावे लागते.

यात आपलेही काही गुंतलेले आहे. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी मधुमेहावर उपाय म्हणून सदाफुलीची पाने तपासली. मधुमेहावर गुण दिसला नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळल्या. त्या धाग्यावरून १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन आणि त्यानंतर व्हिन्क्रिस्टिन ही औषधे हाती आली. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या असंख्य मुलांना त्यांनी जीवदान दिले आहे. सदाफुली जगभर पसरलेली होती म्हणून हाती लागली. जी झाडे एकाच डोंगरावर आहेत, ती डोंगराबरोबर जातील. त्यांच्यात काय होते, हे विचारायलाही कोणाला परत जाता येणार नाही.

तुम्ही काय कराल?

मादागास्करला जाणे तुम्हांआम्हांला सहज शक्य नाही. पण पुन्हा पुन्हा जाण्याची रीत आपल्या गावातही पाळता येते. शाळेजवळचे एकच झाड, ओढ्याचा एकच काठ किंवा टेकडीचा एकच कोपरा निवडा. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी तेथे जा. शक्य असेल तेव्हा गुरुजींबरोबर किंवा घरच्या मोठ्यांबरोबर संध्याकाळनंतरही एकदा जा. तारीख, वेळ, हवामान, फुले, फळे, किडे, पक्षी हे सारे वहीत लिहा. जे दिसले नाही तेही लिहा, कारण लाबोर्डचा सरडा केव्हा नसतो हे कळल्यामुळेच त्याचे आयुष्य उलगडले.

गुलमोहरापासून आरंभ केला तरी चालेल. पाने केव्हा गळतात, पहिली कळी केव्हा दिसते, फुलांवर कोण येते, हे टिपा. मादागास्करमध्ये तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फुलतो, कारण तेथील उन्हाळा त्या वेळी असतो. आपल्याकडे त्याने आपल्या उन्हाळ्याशी जुळवून घेतले आहे. सदाफुलीवर दिवसा कोणती फुलपाखरे सोंड लावतात ते पाहा, पण तिची पाने तोंडात घालू नका. ती विषारी आहेत. शिक्षकांना एक विनंती: वर्ष संपल्यावर या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती त्या द्या आणि तेच झाड पुढे चालू ठेवा. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या, की फुलण्याच्या तारखा मागे-पुढे सरकत आहेत का, हे तुमच्या शाळेलाच सांगता येईल.